शर्मिष्ठाच्या नावची एकशे शहाऐंशी पुस्तकं

मार्तंडराव टिपणीस आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत राहत होते. महापालिकेच्या पाणी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. मी त्यांच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. अंधेरीच्या एका औषध कंपनीत हिशेबनीस आहे, येत्या मार्चमध्ये सुटेन. कांदिवली पूर्वेच्या या इमारतीत मी लग्नाआधी आलो, तेव्हापासूनची आमची ओळख. ते माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठे, पण संध्याकाळी व्याख्यानाला जाताना सोबत म्हणून मलाच हाक मारत.

व्याख्यानं हे त्यांचं व्यसन. पार्ले, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही एखादा लेखक बोलायला येणार असला की यांच्या पिशवीत त्याचं पुस्तक, काळ्या शाईचं स्वतःचं पेन आणि एक छोटी चिठ्ठी तयार. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे, ‘शर्मिष्ठा’. कारण लेखक मंडळी घाईत ‘ष्ठ’ चुकवतात, असा त्यांचा अनुभव. भाषण संपलं की ते रांगेत उभे राहत आणि पाळी आली की चिठ्ठी पुढे करून म्हणत, “माझ्या मुलीच्या नावे द्या. आशीर्वाद म्हणून.”

शर्मिष्ठा त्यांची थोरली. तिच्या बारशाच्याच संध्याकाळी पार्ल्यात एका कादंबरीकाराचं व्याख्यान होतं. पाहुणे जेवत असताना हे पुस्तक घेऊन गेले आणि पहिली सही आणली, ‘चि. शर्मिष्ठा हिला, मोठी होऊन वाचण्यासाठी.’ तिथून संग्रह सुरू झाला. पंचेचाळीस वर्षांत एकशे शहाऐंशी पुस्तकं. प्रत्येकाची नोंद एका लांबट वहीत: अनुक्रमांक, तारीख, ठिकाण, लेखक काय म्हणाला. मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला पुस्तकांतलं फार कळत नाही, पण ती वही बघून मन प्रसन्न होई. एक ओळ खोडलेली नाही.

शहाण्णव साली कपाटात कसर लागली. मार्तंडराव रात्री माझ्याकडे आले. चेहरा असा, जणू घरात कुणी दवाखान्यात आहे.

“सहदेव, पुस्तकं खातेय रे ती! काय करू?”

मी म्हटलं, “बाइंडिंग करून घ्या. आमचा ऑफिसचा माणूस आहे. व्हाउचर बांधतो. वीस वर्षं झाली तरी पान हलत नाही.”

खरं सांगायचं तर मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना काही सुचवावं आणि त्यांनी ऐकावं, असं प्रथमच घडत होतं. पंधरा-पंधरा पुस्तकांचे गठ्ठे मी स्वतः अंधेरीला नेले. ऑडिटच्या हंगामात आमची व्हाउचरं जशी बांधली जातात तशीच तीही बांधून आली: लाल रेक्झिन, पाठीवर सोनेरी क्रमांक, आणि तिन्ही बाजूंनी मशिनवर कापून सरळ केलेल्या कडा. जुनी रंगीत वेष्टनं बाइंडरने वेगळी बांधून परत दिली होती. ती फाटकी होती. रद्दीत गेली. लाल पुस्तकांच्या ओळी कपाटात लागल्या तेव्हा मार्तंडराव दोन पावलं मागे सरकून म्हणाले, “झकास! सहदेव, आता ही शर्मिष्ठाच्या नातवंडांपर्यंत टिकतात की नाही बघ.”

टिकली असती, यात शंका नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ते घर मार्तंडरावांच्या पत्नीच्या नावावर होतं. ती गेली. पुढे इमारत पुनर्विकासाला निघाली आणि वारसांचा प्रश्न आला: स्वतः मार्तंडराव, मुलगा देवव्रत आणि शर्मिष्ठा. देवव्रत त्याच घरात बायकामुलांसह राहतो, वडिलांना सांभाळतो. शर्मिष्ठा नवऱ्यापासून वेगळी झालेली. बोरिवलीत एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काउंटरवर बसते आणि दहिसरला एका चाळीत भाड्याने राहते. मार्तंडरावांच्या मनात वाटणी केव्हाच झाली होती. घर मुलाला, पुस्तकं मुलीला. त्यांनी वर्तमानपत्रातलं एक कात्रण जपून ठेवलं होतं. कुठल्याशा लिलावात सही केलेलं एक पुस्तक दोन लाखांना गेलं होतं.

“दोन लाख राहू देत,” ते मला म्हणाले होते. “आपण कमीत कमी काय धरायचं, तूच सांग.”

मी कागद घेतला आणि सरासरी दहा हजार धरली. एकशे शहाऐंशी गुणिले दहा हजार, अठरा लाख साठ हजार. आकडा दिसायला व्यवस्थित होता. ऑफिसात कुणी असा आकडा आणला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, ‘आधार काय?’ इथे विचारला नाही. तो कागद बघूनच शर्मिष्ठाने बोरिवलीच्या निबंधक कार्यालयात भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही केली. बाहेर आल्यावर वडिलांना म्हणाली, “बाबा, माझी इस्टेट धूळ पुसून ठेवा हं!” सगळे हसलो. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

त्याला दोन वर्षं झाली. या पावसाळ्यात तिच्या खोलीचा मालक खोली विकायला निघाला. पहिला हक्क तुझा, म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो. तिची शिल्लक आणि मिळणारं कर्ज धरून बारा लाख कमी पडत होते. तिने वडिलांना फोन केला. मार्तंडरावांच्या आवाजातला आनंद मला खाली ऐकू आला. “अगं, मग अडलंय कुठे? कपाटात आहेत ना!”

अशी पुस्तकं घेणारा माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. दोन जुन्या पुस्तकवाल्यांनी एकच नाव सांगितलं, मिथुन. जुनी पुस्तकं, क्रिकेटपटूंच्या सह्यांच्या बॅटी, पोस्टरं, काड्यापेट्यांवरची चित्रं, असलं सगळं इंटरनेटवरून विकतो आणि मनोरीला एका कॉटेजमध्ये राहतो. देवव्रत म्हणाला, “मनोरीला कशाला जाताय? रद्दीवाला दारात येतो की!” मार्तंडराव त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

नमुन्याला वीस पुस्तकं निवडून मी चाकांच्या बॅगेत भरली. बाकीच्यांची यादी एक्सेलमध्ये केली, पहिल्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये घेतले. मार्व्याहून फेरीबोटीत बसलो. मार्तंडरावांनी बॅग खाली ठेवलीच नाही, मांडीवर घेतली. समोर मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेली एक कोळीण बराच वेळ बघत होती.

“काका, पेटीन सोना हाय काय?”

“तसंच समजा,” मार्तंडराव म्हणाले.

“मंग आमच्या गावान कशाला आनताव? आमी तर मावरा इकून जगताव.” आणि आजूबाजूच्या बायका हसल्या. मार्तंडरावही हसले. त्या दिवशीचं त्यांचं शेवटचं हसणं ते.

मिथुन पस्तिशीचा, अर्ध्या चड्डीत, पण वागायला नम्र. हात धुऊन, पुसून त्याने पहिलं पुस्तक घेतलं. आधी पाठ बघितली, मग कडांवरून बोट फिरवलं, मग पहिलं पान उघडलं. दुसरं घेतलं. तिसरं. सातव्या पुस्तकाला त्याने विचारलं, “काका, सगळी बांधलीयत?”

“सगळी. शहाण्णवपर्यंतची एकदम, पुढची वेळोवेळी,” मार्तंडराव अभिमानाने म्हणाले.

“आणि वेष्टनं?”

“फाटली होती.”

मिथुनने मान हलवली. “बघा, ही कादंबरी. पहिली आवृत्ती आहे, चांगली आहे. वेष्टनासकट असती तर मी पाच-सहा हजार दिले असते. मुखपृष्ठासाठीच लोक घेतात ही. आता हिची हालत काय, सांगू का? कोर्टातली फाइल वाटतेय.”

मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

“पण सही?” मार्तंडराव म्हणाले. “सही तर अस्सल आहे. वहीत नोंद आहे. तारीख, जागा, सगळं!”

“सही अस्सलच आहे, काका. पण या साहेबांनी दिसेल त्याला सही दिलीय. त्यांची सही नसलेली प्रत मिळाली तर मला दाखवा, ती दुर्मिळ. आणि हे दुसरे, यांना आता वाचतं कोण? वाचणारे गेले की सही कुणाला हवीय? ही नववी आवृत्ती, ही शाळांसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती.” तो तोडून बोलत नव्हता. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं एकेक सांगत होता. “आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हे नाव. नुसती सही असती तर बरं. किंवा एका मोठ्या लेखकाने दुसऱ्या मोठ्या लेखकाला दिलेली प्रत असती तर चौपट. पण सगळ्यांवर एकच नाव आहे. शर्मिष्ठा टिपणीस कोण?”

“माझी मुलगी,” मार्तंडराव म्हणाले.

मिथुन उठला. आत जाऊन पाणी घेऊन आला.

मग त्याच्या हातात एक पातळ पुस्तक आलं. एका तरुण कवीचा एकुलता संग्रह. स्वतःच्या खर्चाने तीनशे प्रती काढल्या आणि चौतिसाव्या वर्षी गेला. सत्त्याऐंशी साली मुलुंडला त्याच्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, असं वहीत लिहिलेलं आहे. मिथुन सरळ बसला. “ही आहे तुमच्याकडे? सहीची?” त्याने पान उघडलं. मधोमध लिहिलं होतं, ‘शर्मिष्ठा, घाई करू नकोस.’ आणि अगदी वर, पानाच्या टोकाला लागून, सही. म्हणजे सहीचा खालचा भाग. वरची रेघ मशिनखाली गेली होती. खाली अक्षरांचे नुसते पाय लोंबत होते.

“अरे यार,” मिथुन स्वतःशीच म्हणाला. मग म्हणाला, “ही पूर्ण असती ना, तर नावासकट चाळीस हजार दिले असते मी. आत्ता.”

“पूर्णच तर आहे,” मार्तंडराव म्हणाले.

“वरून कापलीय, काका. अशी प्रत कुणी घेत नाही.”

“कुठे? हे बघा, नाव आहे, आडनाव आहे.” त्यांनी त्या पायांवरून बोट फिरवत कवीचं पूर्ण नाव वाचून दाखवलं. तीस वर्षं ते तसंच वाचत आले असणार. मी चष्मा काढून पुसत बसलो.

शेवटी मिथुनने जे देता येईल ते सांगितलं. त्याच्या ओळखीच्या एका वाचनालयाला वाचायच्या प्रती लागतात. बांधणी मजबूत आहे, त्यांना आवडेल. एकशे चाळीस पुस्तकं चालतील, चाळीस रुपयाला एक. बाकीची नकोत. पण एक अट होती. पहिलं पान काढून द्यायचं.

“सहीचं पान?” मी विचारलं.

“हो. मागे मी अशीच एक आशीर्वाद लिहिलेली प्रत विकली. घेणाऱ्याने फोटो काढून फेसबुकवर टाकला, बघा, एवढ्या मोठ्या लेखकाची भेट हिने रद्दीत घातली! चारशे लोकांनी शिव्या दिल्या त्या बाईला. माझ्या दारात येऊन रडली ती. इथे तर एकशे चाळीस वेळा तुमच्या मुलीचं नाव आहे, काका. मी नाही घेणार अंगावर.”

म्हणजे सही होती म्हणून किंमत नव्हती, आणि सही काढली तर चाळीस रुपये होती. पाच हजार सहाशे. मी गुणाकार मनातच केला.

परतीच्या बोटीत बॅग त्यांच्या पायाशी होती. मधेच त्यांनी विचारलं, “सरासरी दहा हजार कुणी धरली होती रे?”

“मी.”

“हं,” ते म्हणाले.

त्यानंतर मी आणखी तिघांना फोटो पाठवले. एकाने ‘सॉरी सर’ लिहिलं, दोघांनी काहीच नाही. देवव्रतशीही बोललो. तो वाईट मुलगा नाही. म्हणाला, “दादा, वाढीव जागेसाठी मीच कर्ज काढलंय. ताईला बारा लाख कुठून देऊ? आणि खरं सांगा, सही काय मी जबरदस्तीने घेतली?” नाही घेतली. मीच तर पेनचं टोपण काढून दिलं होतं.

रविवारी शर्मिष्ठा आली. मार्तंडराव खुर्चीत, पाठीमागे कपाट. इमारत रिकामी करायची तारीख पंधरा दिवसांवर होती. देवव्रतने भाड्याने घेतलेल्या एका बेडरूमच्या घरात ते कपाट मावणार नव्हतं, आणि हिच्या दहा बाय बाराच्या खोलीत तर मुळीच नाही.

“बाबा, किती येतायत?”

मार्तंडराव माझ्याकडे बघू लागले. मग मीच सांगितलं. बांधणी, वेष्टनं, नाव, पान, सगळं क्रमाने. शेवटी आकडा.

ती हसली. खरंच हसली, मला वाटलं थट्टा समजली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले.

“सहदेवदादा, साक्षीदार तूच होतास ना?”

“हो.”

“बाइंडरही तुझाच.”

“हो, शर्मी.”

“बरोबर,” ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मार्तंडराव म्हणाले, “बाजार सध्या पडलाय गं. वर्षभर थांबलो तर...”

“बाबा, मालक दिवाळीपर्यंत थांबणार आहे. आणि दिवाळी परवावर आलीय.” तिने उठून कपाट उघडलं. “पानं काढून द्यायची म्हणाला ना तो? मग काढू.”

“मी काढतो,” मार्तंडराव उठू लागले. त्यांचे हात आता कपसुद्धा नीट धरत नाहीत.

“माझं नाव आहे, मी काढते. दादा, पट्टी आण.”

मी खाली जाऊन स्टीलची पट्टी आणि कटर आणला. ती जमिनीवर बसली. मी पुस्तक उघडून धरत होतो, ती पट्टी लावून पान कापत होती. मार्तंडरावांनी वही मागितली. प्रत्येक पान निघालं की ते त्या क्रमांकापुढे पेन्सिलने बारीक खूण करत होते. आम्ही ऑडिटला करतो तशीच. तिने काही पानं वाचली, काही नुसती कापली. ‘मोठी होऊन वाचण्यासाठी’ या पानाशी थांबली आणि म्हणाली, “बाबा, मी यातली किती वाचली असतील?”

“सगळी वाचशील म्हणून...”

“तुम्ही हात लावू द्यायचात कुठे! खराब होतील म्हणायचात.”

त्यांनी खूण केली आणि पुढचा क्रमांक सांगितला.

वाचनालयाला नको असलेल्या शेहेचाळीस पुस्तकांचीही पानं तिने काढायला घेतली, त्यात कवीचं पुस्तक तिच्या हातात आलं. तिने पान बघितलं. “हे वरून आधीच कापलंय.”

“नाही गं, पूर्ण आहे सही,” मार्तंडराव म्हणाले. “नीट बघ.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

“हो बाबा. पूर्ण आहे,” ती म्हणाली, आणि पट्टी लावली.

दुपारी चारला काम संपलं. मिथुनचा माणूस टेम्पोने एकशे चाळीस पुस्तकं घेऊन गेला आणि पाच हजार सहाशे तिच्या हातात ठेवून गेला. उरलेली रद्दीवाल्याने वजनावर नेली. कपाट भंगारात गेलं. दहिसरची खोली भाऊबीजेआधीच दुसऱ्याने घेतली. शर्मिष्ठा आता विरारच्याही पुढे राहते. बोरिवलीला यायला सकाळी साडेपाचला निघते. वडिलांना दर रविवारी फोन करते. मला करत नाही.

टिपणीस मंडळी गेली त्या सकाळी मार्तंडराव जिन्यात थांबले. त्यांच्या हातात खाकी कागदात गुंडाळलेला गठ्ठा होता, एकशे शहाऐंशी पानांचा. तो त्यांनी माझ्याकडे दिला.

“सहदेव, एवढं बाइंड करून आण. तुझ्या त्या माणसाकडून.” आणि खाली गाडीचा हॉर्न वाजत असताना, दोन पायऱ्या उतरून, पुन्हा वर बघत म्हणाले, “पण या वेळी कडा कापू नकोस म्हणावं.”

मी हो म्हटलं. आमचा बाइंडर वारला त्याला वर्ष झालं. पानं माझ्याकडे आहेत. सध्या फाइलला लावून ठेव, असं कुंदा, माझी बायको, दोनदा म्हणाली. पण फाइलला लावायची तर भोकं पाडावी लागतील. ती मी पाडलेली नाहीत.